डोके नसलेली शेपटी जिवाणूला कशी मारते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या एका वाणाला डीएनएला इजा करणारे मायटोमायसिन-सी दिले, त्यातून मिळालेला द्रव गाळून त्याचा थेंब दुसऱ्या वाणाच्या थरावर टाकला, आणि तेथे स्वच्छ गोल डाग पडला. मात्र तोच द्रव विरळ करत गेल्यावर सुटे प्लाक, म्हणजे फाज या जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या एकेका कणापासून पडणारे ठिपके, एकदाही मिळाले नाहीत, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फाजची डोकी न दिसता नुसत्या शेपट्या दिसल्या. ज्या कणात डीएनए नाही तो जिवाणूला मारतो कसा, आणि तसे असेल तर खरा फाज जिवाणूला मारतो म्हणजे नेमके काय करतो, असे विचारले आहे.

वर्णनावरून पाहता हे आर-प्रकारचे पायोसिन, म्हणजे स्यूडोमोनासने दुसऱ्या वाणांना मारण्यासाठी बनवलेला शेपटीसारखा प्रथिनकण, असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. परंतु केवळ नाव सांगून भागणार नाही, कारण प्रश्नाच्या दुसऱ्या भागात एक गैरसमज दडलेला आहे. फाज जिवाणूला ‘फोडून मारतो’ असे आपण शिकवतो आणि शिकतो. प्रत्यक्षात फाजने ग्रासलेली पेशी फुटण्याच्या बरीच आधी, जीव म्हणून तिचा जो काही कारभार असतो त्या अर्थाने संपलेली असते. फुटणे ही फक्त नव्या कणांना बाहेर पडण्यासाठी केलेली वाट असते. उलट पायोसिनने मेलेली पेशी पुष्कळदा फुटतही नाही. म्हणून मरणे आणि फुटणे या दोन घटना वेगळ्या धरूनच पुढचे वाचावे.

आधी फाजकडे पाहू, आणि त्यातही ई. कोलायवर वाढणाऱ्या टी-4 या फाजकडे, कारण लांबट डोके, आकुंचन पावणारी शेपटी आणि तळाशी षट्कोनी पट्टी अशी त्याची रचना पायोसिनशी ताडून पाहण्यास सोयीची आहे. त्याच्या तळपट्टीला सहा लांब तंतू असतात. हे तंतू पेशीच्या बाह्यपटलावरील ओएमपीसी हे प्रथिन किंवा लिपोपॉलिसॅकराइड हा मेद-शर्करेचा रेणू चाचपतात. सुरुवातीचे हे चिकटणे सुटू शकणारे असते. पुरेसे तंतू जागेवर बसले की तळाचे आखूड तंतू खाली उतरून घट्ट पकड घेतात, तळपट्टीचा आकार षट्कोनातून ताऱ्यासारखा होतो, आणि तेथून सुरू झालेला बदल आवरणाच्या 138 प्रथिन-घटकांमधून कडी-कडीने वर सरकत जातो. सुमारे 93 नॅनोमीटर लांबीचे आवरण सुमारे 42 नॅनोमीटरपर्यंत आखडते, आणि त्याच्या आतील ताठ नळी बाह्यपटलातून आत ढकलली जाते. नळीच्या टोकाशी असलेल्या प्रथिनाला लायसोझाइमसारखा भाग असतो. तो पेशीच्या भिंतीतील पेप्टिडोग्लायकनच्या जाळीत नळीपुरती वाट करतो. या साऱ्या हालचालीला एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) लागत नाही. ताणलेल्या अवस्थेत जुळणी होतानाच आवरणात ऊर्जा साठवलेली असते, आणि एकदा आखडलेले आवरण पुन्हा ताणले जात नाही.

येथपर्यंत फाज आणि पायोसिन यांची वाट जवळजवळ एकच आहे. पुढे मात्र ती दुभंगते.

डीएनए आत जाताना अंतःपटलातून आयन काही काळ गळतात आणि पटलावरील विद्युत विभव थोडे घसरते, पण ते सावरते. ते सावरणे फाजच्याच हिताचे असते. आपल्याच कणांची बांधणी त्याला याच पेशीच्या रायबोसोमांकडून, याच पेशीच्या एटीपीवर आणि याच पेशीच्या पटलाच्या आधाराने करून घ्यायची असते. पेशी तत्काळ मेली तर त्याचा वंश तेथेच संपेल. टी-4 म्हणूनच पेशीचा ताबा घेतो, पण तिचे ऊर्जायंत्र चालू ठेवतो. त्याच्या स्वतःच्या डीएनएत सायटोसिनच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइल-सायटोसिन असते. त्यामुळे साधे सायटोसिन असलेला डीएनए, म्हणजे यजमान जिवाणूचा डीएनए, ओळखून कापणारी विकरे तो निर्धास्तपणे वापरू शकतो, आणि अशा डीएनएवरून होणारे आरएनए-लेखन थांबवणारे प्रथिनही बनवू शकतो. संसर्गानंतर काही मिनिटांतच यजमानाची स्वतःची प्रथिननिर्मिती बंद पडते. टी-7 हा फाज वेगळ्या मार्गाने तेथेच पोहोचतो. तो स्वतःचा आरएनए पॉलिमरेझ बनवतो, यजमानाच्या पॉलिमरेझला एका लहान प्रथिनाने जखडतो, आणि यजमानाचा डीएनए तोडून त्याचे तुकडे आपल्या डीएनएसाठी वापरतो. या क्षणापासून ती पेशी पुन्हा विभागून वसाहत करू शकत नाही. आगरवर वसाहत होणे ही जिवंतपणाची कसोटी मानली, तर पेशीचा मृत्यू येथे झाला. ती अजून श्वसन करते, सूक्ष्मदर्शकाखाली धडधाकट दिसते, इतकेच.

आता फुटण्याविषयी. हा भाग सर्वांत नीट उलगडला तो लॅम्डा फाजमध्ये, आणि मला स्वतःला सगळ्या फाजशास्त्रात याच्याइतके नेटके यंत्र दुसरे आढळलेले नाही. पेप्टिडोग्लायकन तोडणारे एंडोलायसिन पेशीद्रवात साठत राहते, पण ज्या भिंतीवर त्याला काम करायचे ती भिंत अंतःपटलाच्या पलीकडे असते. दरम्यान होलिन नावाचे लहान प्रथिन अंतःपटलात निमूटपणे जमा होत असते, आणि या काळात पटलाला काही इजा होत नाही. ठरावीक प्रमाण गाठले की ते अचानक एकत्र येऊन सरासरी 300 नॅनोमीटरहून मोठी छिद्रे पाडते. एंडोलायसिन त्यातून बाहेर पडून काही सेकंदांत भिंत खिळखिळी करते. पूर्वी एवढ्यावर काम झाले असे मानत. परंतु लॅम्डाची स्पॅनिन ही प्रथिने नसतील तर भिंत गेलेली पेशी गोल होऊन तशीच राहते, फुटत नाही, कारण बाह्यपटल तिला धरून ठेवते. स्पॅनिन हे अंतःपटल आणि बाह्यपटल एकमेकांत मिसळवून हा शेवटचा अडसर काढतात.

होलिनची वेळ जनुकाने ठरलेली असते आणि तिच्यात एकेका अमिनो आम्लाच्या बदलाने फरक पडतो. लवकर फुटले तर नवे कण थोडे; उशीर केला तर कण जास्त, पण आसपासचे यजमान दुसऱ्या फाजने गाठलेले असतात. टी-4ला 37 अंश सेल्सिअसला अनुकूल स्थितीत सुमारे 25 मिनिटे लागतात आणि एका पेशीतून शंभर ते दोनशे कण निघतात. पटलाचे विभव बाहेरून घालवले तर होलिन वेळेआधीच सुटते. प्रयोगशाळेत संवर्धनात शेवटी क्लोरोफॉर्मचे थेंब घालण्याची पद्धत आहे, तिचे तर्कशास्त्रही याच जातीचे आहे : एंडोलायसिन आत तयार असते, त्याच्या वाटेतील पटल विरघळवून द्यायचे, बाकीचे ते पाहून घेते.

छोट्या फाजना इतका सरंजाम परवडत नाही. फायएक्स-174 चा जनुकसंच अवघ्या 5386 न्यूक्लिओटाइडांचा आहे. त्याच्याजवळ एंडोलायसिन नाही. त्याचे एकच प्रथिन भिंतीच्या कच्च्या मालाच्या निर्मितीतील एमआरएवाय हे विकर अडवते. वाढती पेशी नवी भिंत घालू न शकल्यामुळे बहुधा विभाजनाच्या जागी फाटते. आरएनए फाज क्यू-बीटा हेच काम त्याच मार्गावरील एमयूआरए हे विकर अडवून साधतो. थोडक्यात, पेनिसिलिनने ज्या इमारतीचा शेवटचा मजला अडवला त्याच इमारतीचे खालचे मजले या फाजनी फार पूर्वीच हेरलेले आहेत.

फाज म्हणजे मारणारा, हे समीकरणही सरसकट खरे नाही. एम-13 हा तंतुरूप फाज पेशीला न फोडता पटलातूनच कण बाहेर सोडत राहतो; पेशी मंदावते, पण जगते. लॅम्डासारखा सौम्य फाज जनुकसंचात शिरून पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसतो. आणि कधी कधी मारेकरी फाज नसून खुद्द जिवाणूच असतो. लॅम्डा अंगात असलेल्या ई. कोलायवर आरआयआय जनुकांत बिघाड असलेले टी-4चे उत्परिवर्ती वाण आले की लॅम्डाची रेक्स प्रणाली पटलातील आयनमार्ग उघडून विभव घालवते; पेशी मरते, पण टी-4चे पीकही बुडते आणि शेजारच्या बहिणी वाचतात. संसर्ग झाल्यावर स्वतःच्याच प्रणालीने मरण्याचे असे अनेक प्रकार आता माहीत झाले आहेत, त्यामुळे ‘फाज टाकला आणि पेशी मेल्या’ या निरीक्षणातून मारणारा कोण हे आपोआप ठरत नाही.

याच संदर्भात 1896 मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्याविषयी लिहिलेल्या निबंधाचा उल्लेख करावासा वाटतो. ते पाणी पटकीच्या जिवाणूंना मारते आणि उकळल्यावर ती शक्ती जाते, असे त्यांनी नोंदवले. फाजशास्त्राच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळ जण येथून करतात. माझ्या मते ही घाई आहे. गाळल्यावर टिकणारा आणि उकळल्यावर जाणारा घातक घटक फाजशिवाय इतरही असू शकतो, आणि तुमच्या हातातला द्रव हाच त्याचा पुरावा आहे. ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये आणि विशेषतः देरेल यांनी 1917 मध्ये जे दाखवले ते निराळे होते : मारणारा घटक एका संवर्धनातून दुसऱ्यात नेत गेल्यास तो कमी न होता वाढत जातो, आणि विरळ केल्यावर सुट्या ठिपक्यांच्या रूपाने मोजता येतो. वाढणे हीच फाजची खूण आहे, मारणे नव्हे.

आता पायोसिन. हे नाव फ्रान्स्वा जेकब यांनी 1954 मध्ये स्यूडोमोनासच्या घातक द्रवाला दिले. त्याचे तीन गट आहेत. एस-प्रकार हे विरघळणारे प्रथिन असून ई. कोलायच्या कोलिसिन या घातक प्रथिनांच्या कुळातले आहे. एफ-प्रकार ही लॅम्डाच्या शेपटीशी नाते असलेली लवचीक, न आखडणारी शेपटी आहे. आर-प्रकार ही पी-2 या फाजच्या शेपटीशी नाते असलेली, आखडणारी, ताठ शेपटी असून तिची लांबी सुमारे 120 नॅनोमीटर असते. आर-प्रकारचा कण फाजच्या शेपटीसारखा दिसतो हे 1965 मध्ये जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. अशा शेपटीरूप कणांना आता एकत्रितपणे टेलोसिन म्हणतात. ही मोडकी फाजे नाहीत, हे मुद्दाम सांगतो. डोक्याची आणि डीएनए-प्रतीची जनुके गळून गेली आहेत, पण शेपटीची जनुके, तिचे नियंत्रण आणि बाहेर पडण्यासाठी लागणारे होलिन व एंडोलायसिन जिवाणूने जपून ठेवले आहेत. निरुपयोगी वस्तू उत्क्रांतीत इतक्या निगुतीने टिकत नाही.

मायटोमायसिनने डीएनएला इजा झाली की आरईसीए प्रथिन जागे होते, पीआरटीआर हा दमनकारक तुटतो, पीआरटीएन हा उत्तेजक मोकळा होतो आणि शेपट्यांची बांधणी सुरू होते. शेवटी ती पेशी स्वतः फुटते आणि शेपट्या बाहेर पडतात. निर्माती पेशी यातून वाचत नाही. फायदा होतो तो तिच्याच वाणाच्या इतर पेशींना, कारण त्यांच्या लिपोपॉलिसॅकराइडची ठेवण अशी असते की त्यांच्यावर ही शेपटी बसत नाही.

बाहेर पडलेल्या शेपटीचे तंतू लक्ष्यपेशीच्या लिपोपॉलिसॅकराइडमधील विशिष्ट भागावर बसतात, आवरण आखडते, नळी घुसते. फाजमध्ये या नळीतून डीएनए जातो. येथे मागे डोके नाही आणि जाण्यासारखे काही नाही. राहते ती दोन्ही टोकांनी मोकळी झालेली नळी, आणि तिचे आतले टोक अंतःपटल भेदून गेलेले असते. जिवंत जिवाणूच्या अंतःपटलावर प्रोटॉनांचा चढ सतत राखलेला असतो. एटीपी बनवणे, पोषकद्रव्ये आत ओढणे, कशाभिका फिरवणे ही सारी कामे त्यावर चालतात. तळाला भोक पडलेल्या टाकीत पंपाने कितीही पाणी चढवले तरी पातळी उभी राहत नाही, तसे येथे होते. पोटॅशियम बाहेर गळते, विभव कोसळते, सक्रिय वहन थांबते आणि डीएनए, आरएनए व प्रथिने यांची निर्मिती एकामागोमाग बंद पडते. हे काही मिनिटांत होते. पेशीची भिंत मात्र जवळजवळ शाबूत असते, म्हणून संवर्धनाची गढूळता फाजमध्ये जशी एकदम उतरते तशी येथे उतरेलच असे नाही. केवळ गढूळता मोजणाऱ्यांना हे मरण दिसतच नाही. पेरून वसाहती मोजाव्या लागतात.

डीएनएशिवाय शेपटी मारू शकते याचा आणखी जुना पुरावा फाजमध्येच आहे. 1951 मध्ये रॉजर हेरियट यांनी टी-2 फाजला तीव्र मीठद्रावणातून एकदम पाण्यात टाकून त्याचा डीएनए बाहेर काढला. उरलेली रिकामी कवचे पेशीला चिकटत आणि मारत, पण एकही नवा फाज तयार होत नसे. एकाच पेशीवर फार जास्त फाज एकाच वेळी बसले तरी असेच घडते : आत काहीही तयार होण्यापूर्वी पेशी फुटते. याला बाहेरून झालेले विघटन म्हणतात, आणि दाट द्रवाच्या थेंबाने पडलेल्या डागांमध्ये ते वरचेवर फसवते.

बॅसिलस सबटिलिसमधील पीबीएसएक्स हा कण फाज आणि पायोसिन या दोहोंच्या मधला आहे. त्याला डोके आहे, शेपटी आहे, डोक्यात सुमारे 13 हजार जोड्यांचा डीएनए आहे. पण तो डीएनए स्वतःचा नसून यजमानाच्या जनुकसंचाचा मिळेल तो तुकडा असतो आणि तो आत सोडलाही जात नाही. तरीही हा कण पीबीएसएक्स नसलेल्या वाणाच्या पेशींना मारतो. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण फाजसारखा दिसणारा कणसुद्धा वागणुकीने पायोसिनसारखा असू शकतो. डोके दिसले की फाज, असा निष्कर्ष काढू नये.

येथून मात्रेचा हिशेब येतो, आणि व्यवहारात सर्वांत मोठा फरक तोच आहे. पायोसिनचा एक कण एक पेशी मारण्यास पुरतो, पण तो कण त्यातच खर्च होतो. पेशींवर कण यदृच्छेने बसतात, म्हणून दर पेशीमागे सरासरी एक घातक कण असेल तर प्वासाँच्या नियमाने सुमारे 37 टक्के पेशी एकही कण न बसल्याने वाचतात. हजारात एकच पेशी उरावी असे वाटत असेल तर सरासरी सुमारे सात कण लागतात. फाजचे गणित उलटे चालते : शंभर पेशींमागे एक कण टाकला तरी पहिल्या फेरीत फुटलेल्या पेशींतून निघालेले कण दुसऱ्या फेरीत बाकीच्यांना पुरून उरू शकतात. म्हणून पायोसिनचे विरळ केलेले थेंब एकसारखे फिके होत होत नाहीसे होतात, तर फाजचे थेंब एका टप्प्यावर सुट्या, मोजता येणाऱ्या प्लाकमध्ये मोडतात. तुमच्या थाळीवर पहिले घडले आहे.

उपचाराच्या दृष्टीने याला दोन बाजू आहेत. न वाढणारा घटक औषधासारखा मात्रेत देता येतो, जनुके वाहून नेत नाही आणि पेशी न फुटल्यास एंडोटॉक्सिन हे तिच्या पटलातील विषही कमी सुटते. मात्र तो भरपूर बनवावा लागतो, आणि शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याचा प्रश्न राहतोच. तंतूचे टोक बदलून लक्ष्य बदलता येते. आर-2 पायोसिनच्या शेपटीला दुसऱ्या फाजचे तंतू जोडून ई. कोलाय ओ-157 मारणारे कण बनवलेले आहेत, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या शेपटीरूप कणांवरही तसेच काम झाले आहे. जिवाणूकडून प्रतिकार होतो तो बहुधा लिपोपॉलिसॅकराइड बदलून किंवा टाकून, आणि अशा पेशींचा रोगकारकपणा पुष्कळदा घटतो. फाजच्या बाजूने याचे सुंदर उदाहरण स्यूडोमोनासवरील ओएमकेओ-1 या फाजचे आहे : तो प्रतिजैविके बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या ओपीआरएम या प्रथिनावर बसतो, त्यामुळे त्याला चुकवण्यासाठी पंप बिघडवणारी पेशी प्रतिजैविकांपुढे उघडी पडते.

तुमच्या द्रवाबाबत करण्यासारख्या गोष्टी आता सांगतो. दसपटीने विरळ केलेले थेंब पुन्हा टाका आणि शेवटच्या फिक्या डागाच्या पुढच्या पायरीवर सुटे प्लाक आहेत का ते भिंगाने पाहा. स्वच्छ डागातील आगरचा तुकडा घेऊन तो ताज्या संवर्धनात वाढवा आणि द्रवाची ताकद वाढली का ते मोजा. फाज असेल तर ती कित्येक पटींनी वाढेल, पायोसिन असेल तर प्रत्येक फेरीला घटत जाईल. ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर देऊन पाहा : एस-प्रकार त्याने निकामी होतो, आर-प्रकार टिकतो. अतिनील किरणांची जी मात्रा फाजचा डीएनए बिघडवते तिने पायोसिनचे फारसे काही होत नाही, कारण बिघडण्यासारखा डीएनएच त्यात नाही. आणि थाळीवर एकाच थेंबात फिका डाग व त्यात सुटे प्लाक असे दोन्ही दिसले तर गोंधळून जाऊ नका. मायटोमायसिनने सुप्त फाज आणि पायोसिन ही दोन्ही एकाच वेळी जागी होतात, आणि स्यूडोमोनासवर वाढवलेल्या फाजच्या द्रवातही पायोसिनची भेसळ नेहमीच संभवते. एखादा फाज किती वाणांना मारतो याची यादी नुसत्या थेंबाच्या डागांवरून केली असेल तर ती याच कारणाने फुगलेली असते. प्रत्येक वाणावर सुटे प्लाक किती येतात हे मोजल्याशिवाय ती ग्राह्य धरू नये.

दोन्ही वेगळे करायचे असल्यास सिझियम क्लोराइडच्या घनताक्रमात द्रव अपकेंद्रित्रात फिरवावा. डीएनएने भरलेल्या फाजची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण 1.5 ग्रॅम असते, निव्वळ प्रथिनाच्या शेपट्यांची सुमारे 1.3, त्यामुळे दोन पट्टे स्पष्ट अंतरावर बसतात आणि सुईने वेगवेगळे काढता येतात. नंतर मीठ काढून टाकण्यासाठी दोन्ही अंश डायलिसिसला ठेवावेत आणि त्याच लक्ष्यवाणावर पुन्हा विरलन-चाचणी करावी.